इंजिनाचे तेल काय सांगते?

विहिरीवर इंजिन चालू आहे. पाटाला पाणी वाहते आहे. तुम्ही बांधावर उभे राहून पाण्याकडे बघता. इंजिनाकडे कोण बघतो? ते बंद पडले म्हणजेच त्याच्याकडे लक्ष जाते. मग मिस्त्रीला बोलावणे जाते. मिस्त्री इंजिन खोलतो आणि म्हणतो, "दादा, बेअरिंग गेलं. शाफ्टलाही मार बसलाय."

बेअरिंग बहुधा एका दिवसात जात नाही. ते कित्येक दिवस झिजत असते. ते झिजत असताना त्याची खबर एका जागी जमा होत असते. ती जागा म्हणजे इंजिनाच्या पोटातले तेल. आपण त्याला ऑइल म्हणतो. हे तेल बघायला ज्याला येते, त्याला इंजिनाचे दुखणे आधी कळते.

आता पुष्कळ विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आहेत. तरी नदीकाठी आणि वीज नसते तेव्हा डिझेल इंजिनच कामाला येते. ट्रॅक्टर तर गावोगाव झाला आहे. तेलाची गोष्ट दोन्हीकडे एकच.

पूर्वी बैलगाडीच्या आसाला वंगण घालत. वंगण संपले की चाक कुरकुरे, म्हणजे गाडी स्वतःच तक्रार करी. चाक काढले की आतले वंगण काळेकुट्ट निघे. तो काळेपणा कशाचा? वाटेतल्या धुळीचा आणि आसाच्या झिजलेल्या लोखंडाचा. म्हणजे आस किती झिजतो आहे हे वंगण तेव्हाही सांगत होते. पण गाडीचे चाक सावकाश चालते. इंजिनाची गोष्ट वेगळी.

इंजिनावरची पाटी एकदा वाचून बघा. आता तुम्हाला वाचता येते. शेतीच्या पुष्कळ इंजिनांवर १५०० हा आकडा असतो. त्याचा अर्थ, शाफ्ट एका मिनिटात १५०० फेरे घेतो. सेकंदाला २५ फेरे झाले. तासाला ९० हजार. रोज सहा तास इंजिन चालवले तर दिवसाला ५ लाख ४० हजार फेरे! एवढे फेरे लोखंडावर लोखंड घासून झाले असते, तर इंजिन पहिल्या दिवशीच जागच्या जागी आवळले असते. ते तसे होत नाही, कारण शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो. हा पापुद्रा माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. शाफ्ट त्या पापुद्र्यावर जणू तरंगत फिरतो.

तेल आणखीही कामे करते. ते आतली उष्णता वाहून नेते. पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट बुजवते. गंज चढू देत नाही. आणि आतला मळ धुऊन आपल्या अंगावर घेते. गावचा कोतवाल सगळ्या आळ्यांतून फिरून चावडीवर येतो, तसे हे तेल सगळ्या भागांतून फिरून खाली चेंबरमध्ये येते. कुठे काय चालले आहे ते त्याने पाहिलेले असते. आपण फक्त विचारायचे.

तेल खराब होते म्हणजे काय होते, हे आधी पाहू. डिझेल जळते तेव्हा काजळी होते. ती थोडी थोडी तेलात उतरते. नोझल गळत असेल तर न जळलेले डिझेल तेलात मिसळते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे गॅस्केट फुटले किंवा लायनरला चीर गेली, तर पाणी मिसळते. हवेची गाळणी फाटकी असेल तर शेतातली धूळ आत जाते. ही धूळ फार वाईट. तिच्यातली बारीक वाळू लोखंडाला कानशीसारखी घासते. मग झिजलेल्या धातूचे कणही तेलात येतात. आणि सतत तापून तेल स्वतःही जुने होते, दाट होते.

आता बघायचे कसे? पहिली गोष्ट, ऑइलची पट्टी. इंजिन सपाट जागेवर असावे. ते बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. पट्टी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग काढून बघावी. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. तेल कमी झाले तर घालावे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेल वाढले तर?

शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराचे असेच झाले. त्यांचे तेल कमी होईना. उलट पट्टीवर ते वरच्या खुणेच्याही वर चढले. त्यांना आनंदच झाला. पारावर ते सांगू लागले, "आमचं इंजिन ऑइल खातच नाही बघा. वाढतंय म्हणा ना!" मंडळी, तेल काही वासरू नाही वाढायला. चेंबरमध्ये तेल वाढले याचा अर्थ दुसरे काहीतरी त्यात येऊन पडते आहे. त्यांच्या इंजिनात डिझेल गळत होते. डिझेलने तेल पातळ झाले. पातळ तेलाचा पापुद्रा टिकत नाही. चैत्रात, कांद्याला पाणी हवे असताना, बेअरिंग जळाले. शाफ्ट तालुक्याला न्यावा लागला. अकरा दिवस पाणी बंद राहिले आणि निम्मा कांदा पोसला नाही. नोझल वेळेवर दुरुस्त केले असते तर एका दिवसाचे काम होते. पट्टी त्यांनी रोज पाहिली होती. तिचा अर्थ मात्र त्यांना कोणी सांगितला नव्हता.

म्हणून पट्टी काढली की तिच्यावरचे तेल नाकाजवळ न्यावे. डिझेलचा उग्र वास आला तर इंजिन चालवू नये. मग रंग बघावा. तेल दुधाच्या चहासारखे किंवा ताकासारखे दिसले, तर त्यात पाणी आहे. तेव्हाही इंजिन लावू नये.

काळ्या रंगाबद्दल मात्र लोकांत दोन मते आहेत आणि आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत. काही जण म्हणतात, तेल काळे झाले की ते खराब झाले, लगेच बदला. दुकानदारालाही हे मत आवडते! पण डिझेल इंजिनात घातलेले नवे तेल थोड्याच तासांत काळे होते. ते काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवते म्हणून काळे होते. धुण्याचे पाणी मळले तर कपडा स्वच्छ होतो आहे असेच आपण म्हणतो ना? दुसरे लोक म्हणतात, काळे असले तरी काय बिघडते, वरून थोडे घालत राहिले की झाले. हेही बरोबर नाही. काजळी धरून ठेवण्याची तेलाची ताकद कधीतरी संपते. मग काजळीचे गोळे होतात, गाळ बसतो, तेलाच्या वाटा तुंबतात. ती ताकद संपली की नाही, हे नुसत्या काळ्या रंगावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. तिला टीपकागद लागतो. आमच्या वेळी प्रत्येक मुलाच्या दप्तरात टीपकागद असे. बॉलपेन आले आणि टीपकागद गेला. तो न मिळाला तर शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी गाळायचा पांढरा कागद असतो, तो मागून आणावा. गुळगुळीत कागद चालत नाही. कागद तेल शोषणारा हवा.

इंजिन चांगले तापेपर्यंत चालवून बंद करावे. पट्टी काढून तिच्या टोकाचा एकच थेंब कागदावर पाडावा. कागद रिकाम्या कपाच्या तोंडावर आडवा ठेवावा, म्हणजे थेंबाच्या खाली काही लागणार नाही. तो तसाच रात्रभर ठेवावा. घाई करू नये. सकाळी त्यावर गोल डाग पसरलेला दिसेल.

डाग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला असेल, काळेपणा सगळीकडे पसरला असेल, तर तेल अजून काम करते आहे. काजळी तेलाबरोबर प्रवास करते आहे. पण मध्येच दाट काळा ठिपका बसला असेल, त्याची कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असेल आणि भोवती नुसते स्वच्छ तेलाचे कडे असेल, तर समजावे की काजळी तेलाला सोडून खाली बसू लागली आहे. असे तेल बदलावे. अगदी बाहेर एक फिके, रुंद कडे उमटले तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा. पाणी असेल तर डागाची कड दातऱ्यासारखी वाकडीतिकडी होते.

हा कागद टाकू नका. त्यावर तारीख घाला. नवे तेल घातल्यावर एक, मग दर पंधरवड्याला एक असे कागद जपून ठेवा आणि शेजारी शेजारी मांडा. एक कागद थोडे सांगतो. पाच कागद पुष्कळ सांगतात.

पाण्याचा संशय असेल तर आणखी एक खूण आहे. एखादा जुना तवा चांगला तापवून जाळावरून खाली उतरवावा. स्वयंपाकाचा तवा घेऊ नये, घरात तंटा होईल. तोंड दूर ठेवून त्यावर तेलाचा एक लहान थेंब टाकावा. ओल्या भाजीला फोडणीत टाकल्यावर होते तशी चरचर झाली, तर तेलात पाणी आहे. चरचर न होता नुसता धूर निघाला तर पाणी नाही. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तेल बदलताना जुने तेल थेट ओतून देऊ नका. त्यातले थोडे पांढऱ्या बशीत घ्या आणि उन्हात बघा. मग एक लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यात फिरवा. चुंबकाला काळी, मऊ लव चिकटली तर फार घाबरू नये. नव्या इंजिनात तर ती येतेच, कारण भाग एकमेकांशी जुळत असतात. पण बोटाला टोचतील असे कण किंवा चकत्या आल्या तर आत काहीतरी तुटते आहे. चुंबकाला न चिकटणारी पिवळी किंवा पांढरी चमक दिसली, तर ती बेअरिंगची, बुशाची किंवा पिस्टनची असू शकते. पितळ, शिसे, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत. अशी चमक दिसली की मिस्त्रीला इंजिन चालू असतानाच बोलवा. बंद पडल्यावर तो येणारच आहे.

आता वहीबद्दल. आम्हाला या सगळ्यात वही सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती जवळजवळ कुणाकडेच नसते. इंजिनाच्या पुस्तिकेत किती तासांनी तेल बदलायचे ते दिलेले असते. समजा २५० तास दिले आहेत. रोज सहा तास धरले तर ४२ दिवसांत ते भरतात. पण इंजिन रोज सहा तास चालत नाही. कधी दोन तास, कधी रात्रभर. हे डोक्यात कसे राहील? म्हणून एक चाळीस पानी वही इंजिनघरात दोरीने टांगावी. त्यात अशी ओळ लिहावी: "१२ जानेवारी. ६ तास. तेल मध्यावर. घातले नाही." पुढच्या आठवड्यात अशी: "१९ जानेवारी. ४ तास. तेल खालच्या खुणेवर. अर्धा लिटर घातले." महिनाभराने वही चाळली की दिसेल, आधी महिन्याला अर्धा लिटर तेल लागे, आता दीड लिटर लागते. सायलेन्सरमधून निळसर धूरही येत असेल तर रिंगा झिजल्या. हे वहीवाचून कळत नाही, कारण रोजचा फरक फार लहान असतो. तीन ओळींची ही नोंद मुलाकडून करून घेऊ नका. स्वतः लिहा. अक्षर वाकडे आले तरी इंजिन नावे ठेवत नाही.

मोठ्या जगातही हेच चालते, फक्त साधने मोठी आहेत. १९४६ साली अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न नावाच्या रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांचे वापरलेले तेल प्रयोगशाळेत तपासले. त्यात कोणता धातू किती आहे हे पाहून इंजिन न उघडता आतला बिघाड ओळखला. पुढे विमानांच्या तेलाचीही अशी तपासणी होऊ लागली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही तेलाचे नमुने तपासतात. आगगाडीच्या इंजिनात शेकडो लिटर तेल असते. ते उगाच बदलणे परवडत नाही, आणि इंजिन वाटेत बंद पडणे तर मुळीच परवडत नाही.

ही तपासणी कशी होते? चुलीत मिठाचा खडा पडला तर ज्योत पिवळी होते, हे तुम्ही पाहिले असेल. तांबे तापले तर ज्योत हिरवी होते. प्रत्येक धातूला मोठी आच लागली की तो आपापल्या ठरलेल्या रंगांचा उजेड देतो. प्रयोगशाळेत तेलाचा नमुना विजेच्या ठिणगीत जाळतात. त्या उजेडातले रंग यंत्र वेगळे करते आणि कोणता धातू किती आहे ते सांगते. लोखंड जास्त निघाले तर लायनर, रिंगा किंवा दातेरी चाके झिजत आहेत. ॲल्युमिनियम असेल तर पिस्टन. तांबे, शिसे, कथील असेल तर बेअरिंग. सिलिकॉन निघाले तर बहुधा ती बाहेरची धूळ. लोखंड आणि सिलिकॉन एकदम वाढले तर आधी हवेची गाळणी बघायची.

हे मोजमाप किती बारीक असते पाहा. ते दहा लाखांत एक भाग असे मोजतात. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ३० ग्रॅम भरते. म्हणजे दहा लाख दाणे झाले सुमारे ३० किलो. त्या ३० किलोंत एकच खडा असला तरी तो या यंत्राला कळावा, अशी ही नजर आहे! तिथेही एका आकड्यावर कुणी विसंबत नाही. समजा एका इंजिनाचे लोखंड २०, २२, २१, २४ असे येत गेले आणि पुढच्या वेळी एकदम ६० आले, तर ते इंजिन बाजूला घेतात. म्हणजे प्रयोगशाळेतही शेवटी वहीच लागते.

गंमत अशी की या यंत्राला फार बारीक कणच दिसतात. मोठी चकती त्याला नीट दिसत नाही. त्यासाठी विमानाच्या इंजिनात तेलाच्या वाटेवर लहानसा चुंबक बसवतात. त्याची दोन टोके एकमेकांपासून थोडी दूर असतात. लोखंडाचे कण चिकटून ती जोडली गेली की वीज वाहते आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. तुमच्या बशीतला चुंबक आणि हा चुंबक, काम एकच.

आता तर तेलात कायम बसून राहणारी साधने आली आहेत. त्यांना सेन्सर म्हणतात. एका प्रकारात धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये तेल असते आणि ते विजेचा भार किती धरू देते ते मोजतात. स्वच्छ तेलाचा हा अंक २ च्या थोडा वर असतो. पाण्याचा तोच अंक ८० च्या घरात असतो. म्हणून थोडे पाणी शिरले तरी आकडा हलतो. दुसऱ्या प्रकारात एक बारीक काटा तेलात थरथरत ठेवतात. दाट तेलात थरथर लवकर मंदावते, पातळ तेलात कमी मंदावते. तिसऱ्या प्रकारात तेल तारेच्या वेटोळ्यातून जाते आणि त्यातून जाणारे धातूचे कण मोजले जातात. पवनचक्क्या पाहिल्यात ना, सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर आहेत तशा? पुष्कळ पवनचक्क्यांत वर, त्या उंच खांबाच्या डोक्यावर, दातेरी चाकांची पेटी असते. पट्टी बघायला रोज कोण चढणार? अशा ठिकाणी सेन्सर फार उपयोगाचा.

पण सेन्सर म्हणजे वैद्य नव्हे. तो फरक पडला एवढे सांगतो, का पडला ते माणसाने शोधायचे. काजळीने तेल दाट होते आणि डिझेलने पातळ होते. दोन्ही एकदम झाले तर दाटपणाचा आकडा जिथल्या तिथे राहतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. वास घेणाऱ्या माणसाला मात्र ते फसवू शकत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. समोरच्या पाटीवर तेलाच्या झारीचे चित्र असते आणि तिच्या चोचीतून थेंब पडत असतो. तो दिवा तेलाचा चांगलेपणा दाखवत नाही. तेलाचा दाब पडला की तो लागतो. चावी फिरवल्यावर तो दिसतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. चालता चालता तो लागला तर 'हा तास संपवून बघू' असे म्हणू नये. त्याच जागी इंजिन बंद करावे. दाब गेल्यावर बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही.

राहिले जुने तेल. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नका. थोडे तेलही पुष्कळ पाणी नासवते. जनावराच्या जखमेला ते लावण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती आम्हाला पसंत नाही. त्यात काजळी आणि धातू असतात आणि माणसाच्या कातडीलाही ते वारंवार लागणे घातक आहे. झाकणाच्या डब्यात ते साठवावे, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नये. जुने तेल शुद्ध करणारे परवानाधारक कारखाने असतात. त्यांच्यासाठी ते कोण गोळा करतो हे तालुक्याच्या गॅरेजात विचारून डबा तिकडे द्यावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मगच वहीला हात लावावा.